स्क्रूची खाच आधी बघायची

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. "मास्तर, आयग्लास घेऊन या. चहा टाकलाय."

अण्णा नुसत्या चहाला कधी बोलवत नाहीत. आयग्लास म्हणजे आमचं डोळ्याला लावायचं भिंग; ते घेऊन या म्हणाले की समजायचं, दुकानात काहीतरी जुनं आलंय आणि ज्याचं आहे तो माणूस समोरच बसलाय, किंमत ऐकायला कान टवकारून.

माझं सोलापुरात नवी पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. आता मुलगा बसतो, मी सकाळी दोन तास जाऊन त्याच्या कामात खोड्या काढतो. अण्णांचं दुकान बंदुकांचं, परवाना आजोबांपासूनचा. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ते त्यांचं वेस्ट एंड घड्याळ घेऊन आले होते. बोलता बोलता म्हणाले, एका रिव्हॉल्व्हरवर काहीतरी बारीक ठोकलंय, चष्म्यानंही वाचता येईना. मी गेलो, आयग्लास लावला आणि दिसलं ते कागदावर काढून दिलं. वर मुकुट, खाली एकमेकांवर फुलीसारखे ठेवलेले दोन राजदंड. ही बर्मिंगहॅमच्या बंदुका तपासण्याच्या घराची खूण, हे तेव्हा मला कुठलं ठाऊक! मी आपलं चित्र काढलं. त्या चित्राचा अर्थ शोधायला लागलो आणि त्यातच अडकलो.

आधीच सांगतो, माझ्याकडे परवाना नाही आणि कधी काढलाही नाही. त्यामुळे आमची तपासणी बघण्यासारखी असते. हत्यार धरतात अण्णा, मी हात लावत नाही. मी म्हणतो, "थोडं डावीकडे", ते वळवतात. "वर घ्या", ते वर घेतात. दोन म्हातारे एका लोखंडाभोवती डोकी घालून बसलेले. सुरुवातीला एकदा त्यांनी "एक बारीक स्प्रिंग करून द्या" म्हणून बघितलं होतं. मग स्वतःच जीभ चावली. हत्यार दुरुस्त करायलाही परवाना लागतो, तो त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. घड्याळाची स्प्रिंग ही घड्याळाची स्प्रिंग.

मग मी जमवतो काय? रिव्हॉल्व्हर सोडून बाकी सगळं. चामड्याची म्यानं, म्हणजे होल्स्टर. आतून हिरवी मखमल लावलेली ओकच्या लाकडाची एक पेटी, जिच्यातलं हत्यार कधीच कुठंतरी गेलंय आणि मखमलीत फक्त त्याचा ठसा उरलाय. तेलाच्या बाटल्या. एक मूठ, नुसती. आणि कॅटलॉग, ते मात्र ढीगभर. बायको म्हणते, लोकांच्या घरी देव असतो आणि देव्हारा असतो, आपल्याकडे नुसता देव्हारा.

---

लोक विचारतात, घड्याळवाल्याला बंदुकीतलं काय कळतं? बंदुकीतलं नाही कळत. नेम, पल्ला, गोळी ह्यात मला आजही रस नाही. पण जुनं पोलाद, त्याच्यावरचा रंग आणि त्याच्याशी कुणी काय काय चाळे केलेत, हे मला कळतं. कारण घड्याळातही तेच बघायचं असतं.

मी पहिल्यांदा स्क्रू बघतो. चांगल्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या स्क्रूची खाच बारीक असते, तिच्या कडा धारदार असतात. कुणीतरी घरातला जाड पेचकस घालून पिळला की खाचेची तोंडं फाकतात, कडेला चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो. एवढं दिसलं की कळतं, आत हात गेलाय. आत हात गेला म्हणजे भाग बदलला असणारच असं नाही, पण शंका घ्यायला जागा झाली. मग नंबर बघायचे. फ्रेमवर एक नंबर आणि सिलिंडरवर, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावर, दुसराच, असं निघालं तर ती दोन हत्यारांची मिळून केलेली खिचडी. वापरायला चालेल, संग्राहक नाक मुरडणार.

दुसरा रंग. आमच्या कामात स्क्रू निळा करायचा असला की पितळी पत्र्यावर ठेवून खाली ज्योत धरतात. आधी गव्हाळ पिवळा होतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि जांभळ्यातून एका क्षणात निळा. त्या क्षणी उचलायचा. दोन सेकंद उशीर झाला की फिकट राखाडी, पुन्हा पहिल्यापासून घासा. जुन्या कारागिरांनी रिव्हॉल्व्हरचे छोटे भाग असेच आचेवर निळे केलेले असतात. त्या निळ्यात एक खोली असते. नवीन रासायनिक पद्धतीनं चढवलेला रंग काळा, सपाट आणि एकसारखा. एकदा दोन्ही शेजारी बघितले की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि ही युक्ती तर फुकट देतो. पोलादावर गंजाचे बारीक खड्डे असतील तर खड्ड्याच्या आत बघायचं. आत रंग नसेल, तपकिरी असेल, तर ठीक: रंग आधीचा, गंज नंतरचा. खड्ड्याच्या तळालाही छान निळा-काळा रंग दिसला तर समजायचं की गंज आधी आला आणि रंग नंतर चढवला. म्हणजे हत्यार पुन्हा रंगवलेलं आहे. सोबत ठोकलेली अक्षरं बघा. पॉलिशच्या चाकावर धरलं की अक्षरांच्या कडा गोल होतात, साबणावरचं नाव दोन आंघोळींनंतर दिसतं तशी. स्क्रूच्या भोकाचा काठ बशीसारखा खोलगट होतो. चकाकी सुंदर, किंमत अर्धी. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मूळ रंग किती टक्के उरलाय हे लिहितात, त्याचं कारण हेच. वीस टक्के खरा रंग शंभर टक्के नव्या रंगापेक्षा भारी.

हे शहाणपण मी फुकट मिळवलं नाही. २००३ च्या सुमाराला जुन्या बाजारात तांब्याचं एक बारूददान मिळालं. जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड. पुढून उठावाचं काम, कुत्रा आणि पक्षी. नऊशे रुपये. घरी आणलं, ब्रासो घेतला, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि एका रविवारी दुपारी असं लख्ख केलं की आईनं विचारलं, दिवाळीचा तांब्या आणलास का? दोन वर्षांनी मुंबईचे एक संग्राहक घरी आले. बारूददान हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काका, हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मिळालं तेव्हा असंच होतं." खोटं बोललो. दीडशे वर्षांत तांब्यावर जो काळसर चॉकलेटी थर चढला होता तो मी दीड तासात काढला होता. ते बारूददान अजून माझ्याकडेच आहे. आता पुन्हा काळवंडतंय, पण माझ्या हयातीत काही पूर्वीसारखं व्हायचं नाही.

---

तर अण्णांच्या दुकानात गेलो. समोर पंढरपूरकडचा एक तरुण, तिशी-पस्तिशीचा, उसाचा बागायतदार. आजोबांचं रिव्हॉल्व्हर, नंतर वडिलांच्या नावावर झालेलं. वडील वारले, परवाना त्यांच्यासोबत संपला, म्हणून हत्यार अण्णांकडे जमा केलेलं. कायदाच तसा आहे, वारसाच्या नावावर होईपर्यंत घरात ठेवता येत नाही, पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करावं लागतं. पोरगं सज्जन होतं. उठून नमस्कार केला, खुर्ची पुढं केली.

"काका, आमच्याकडं हे मार्शल लॉच्या वेळचं आहे," तो म्हणाला. "सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा पणजोबा पलटणीला वैरण पुरवायचे. गोऱ्या साहेबानं जाताना खूश होऊन दिलं. मी मोबाईलवर बघितलं, अमेरिकेत असलं एक रिव्हॉल्व्हर चाळीस-पंचेचाळीस कोटीला गेलं."

ते बरोबर होतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात कोल्ट कंपनीचं एक रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरच्या वर गेलं, तेव्हाच्या भावानं चव्वेचाळीस कोटींच्या घरात. पण ते का गेलं हे मोबाईल सांगत नाही. ते शेरीफ पॅट गॅरेटचं होतं, त्याच्याच गोळीनं १४ जुलै १८८१ ला बिली द किड हा नामचीन गुंड मेला. कोल्टचं १८७३ चं हे मॉडेल दुर्मीळ अजिबात नाही, लाखांनी बनलं. ह्या एका नगाला भाव आला तो कागदामुळे. गॅरेटनं ते बिलीच्या एका साथीदाराला पकडलं तेव्हा त्याच्याकडून काढून घेतलेलं. पुढं ते एका दारूच्या गुत्त्यात मांडून ठेवलेलं होतं आणि गुत्तेवाला मेल्यावर गॅरेटच्या बायकोनं कोर्टात भांडून परत मिळवलं. त्या खटल्याचे कागद म्हणजे सोन्याची खाण. भांडण झालं म्हणून पुरावा राहिला. आमच्याकडं भाऊबंदकीत इतके दावे चालतात, पण त्यातून कुणाला चव्वेचाळीस कोटी मिळाल्याचं ऐकलं नाही.

गंमत अशी की त्याच महिन्यात, बारा दिवस आधी, २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ब्रिटिश बुलडॉग जातीच्या, आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरनं. हे पुढं संग्रहालयात ठेवलं जाईल, हे मारेकऱ्याच्या डोक्यात होतं म्हणतात. आणि नेमकं तेच हत्यार हरवलं. फोटो आहेत, वस्तू नाही. एका गुंडाला मारलेलं चव्वेचाळीस कोटींना, राष्ट्राध्यक्षाला मारलेलं कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर भंगारात. बुलडॉग वेब्ली ह्या इंग्लिश कंपनीनं १८७२ मध्ये काढलं, पण बेल्जियमनं त्याच्या इतक्या नकला काढल्या की आपल्याकडच्या जुन्या घरांत जे "विलायती" म्हणून दाखवतात त्यावर भिंगाखाली लंबगोलात ईएलजी ही बेल्जियमच्या लीएज शहराची खूण निघते. मालकाला सांगताना जड जातं.

पॅरिसच्या लिलावात गेलेली दोन रिव्हॉल्व्हरं तर मी प्रत्येकाला सांगतो, पोराला पण सांगितली. दोन्ही लफोशो ह्या फ्रेंच बंदूकवाल्याच्या पद्धतीची, दोन्ही सात मिलिमीटरची, दोन्हींचा बाजारभाव एरवी किरकोळ. एकानं १८७३ मध्ये ब्रसेल्सला वेर्लेन ह्या कवीनं रँबो ह्या कवीच्या मनगटावर गोळी झाडली. क्रिस्टीज ह्या लिलावगृहानं २०१६ मध्ये ५० ते ६० हजार युरोंचा अंदाज दिला होता, गेलं ४,३४,५०० युरोंना. त्याचा नंबर बंदूकवाल्याच्या जुन्या नोंदीत होता. दुसरं चित्रकार व्हॅन गॉगनं स्वतःवर झाडलं असं समजतात. ते १९६० च्या सुमाराला एका शेतकऱ्याला नांगरताना सापडलं, गंजून कोळसा झालेलं. जागा जुळते, काळ जुळतो, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप जुळतं, पण हेच ते असं सांगणारा कागद नाही. २०१९ मध्ये १,६२,५०० युरो. नाव दुसऱ्याचं कितीतरी मोठं, भाव पहिल्याच्या निम्म्यालाही नाही. मधला फरक म्हणजे बंदूकवाल्याच्या वहीतली एक ओळ.

हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायचं. माझा मेहुणा सिद्धेश्वर बाजार समितीत एका आडत्याकडे दिवाणजी आहे, त्याला हे लगेच कळलं. यार्डात कांद्याचा सौदा अमुक भावाला तुटला तरी खरेदीदाराला त्याच्यावर आडत द्यावी लागते. २०१६ पर्यंत ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे, मग नियम बदलला. लिलावगृहातही हातोडा पडतो तो एक आकडा आणि खरेदीदार भरतो तो दुसरा, वर वीस-पंचवीस टक्के लागतात. पेपरात येतो तो बहुतेक वेळा मोठा आकडा. विकणाऱ्याचं वेगळं कमिशन कापून त्याच्या हातात काय पडतं ते पेपरात कधीच येत नाही. आणि कॅटलॉगमधला "अंदाज" मुद्दाम हात राखून लिहिलेला असतो. कमी लिहिला की चार जण जास्त येतात. मेहुणा म्हणाला, "म्हणजे आमचंच की. पहिली बोली कमी लावायची, मग बघायची मजा."

---

आता समोरचं हत्यार. अण्णांनी कापडातून काढलं, कळ दाबून नळी खाली दुमडली, सहाही घरं रिकामी असल्याचं मला आणि पोराला दाखवलं. हे ते प्रत्येक वेळी करतात, दहा मिनिटांपूर्वी केलं असलं तरी.

वेब्ली मार्क फोर, अडतीस बोअर. दिसायला ठीक. डावी बाजू बरी, उजव्या बाजूला मात्र देवीच्या व्रणासारखे खड्डे. मी विचारलं, "चामड्याच्या म्यानात ठेवलं होतं का?" पोरगं म्हणालं, "हो, कायम. वडील म्हणायचे, सुरक्षित राहतं." हा गैरसमज घराघरांत आहे. चामडं कमावताना जी रसायनं आणि क्षार वापरतात ते चामड्यात राहतात, ओल धरतात आणि पोलादाला खातात. सोलापूरची हवा कोरडी म्हणून एवढ्यावर निभावलं. कोकणात असतं तर आरपार गेलं असतं. म्यान वेगळं ठेवायचं, हत्यार वेगळं. म्यानाला पितळी रिव्हेटं असतील तर त्यांच्याभोवती हिरवी बुरशीसारखी पूड दिसते, तीच ह्या भांडणाची साक्ष.

स्क्रू चांगले होते. खाचा अगदी धारदार. म्हटलं, हे हत्यार कुणी उघडलेलं नाही. मग फ्रेमवर आलो. अण्णांनी बॅटरी धरली. रंग खरखरीत होता, पॉलिश न करता चढवल्यासारखा, आणि त्याखाली इंग्रजीत दोन शब्द ठोकलेले: वॉर फिनिश.

मी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं. त्यांनी नळीवरून बोट फिरवून मला विचारल्यासारखं केलं, मी मान हलवली.

वॉर फिनिश म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. हत्यारं भराभर हवी होती, पॉलिश करत बसायला वेळ नव्हता. पण कंपनीला आपल्या नावाची लाज. म्हणून वेब्लीनं प्रत्येकावर ठोकून ठेवलं की बाबांनो, हा खडबडीतपणा युद्धामुळे आहे, आम्हाला येत नाही म्हणून नाही. मला हे फार आवडतं. सोलापुरातल्या कुठल्या चादरवाल्यानं असा शिक्का मारलेला मी बघितला नाही. पण मुद्दा असा की दुसरं महायुद्ध १९३९ मध्ये सुरू झालं आणि सोलापूरचा मार्शल लॉ १९३० चा. मे महिन्यात लागला आणि जूनअखेर उठला. तो साहेब काहीही करून हे रिव्हॉल्व्हर देऊ शकत नव्हता. ते तेव्हा बनलंच नव्हतं.

अजून एक खूण निघाली, ती शोधायला मला दहा मिनिटं लागली. बाण. ब्रिटिश सरकारच्या मालावर रुंद टोकाचा बाण ठोकलेला असतो, तो बऱ्याच जणांना माहीत असतो. इथं एक नव्हे, दोन होते. टोकाला टोक लावून, समोरासमोर. नुसत्या डोळ्यांना मोडक्या चांदणीसारखं दिसतं, कुणालाही ओरखडा वाटेल. ही सरकारनं माल विकून मोकळा केल्याची खूण. बाण ठोकला तेव्हा सरकारजमा, उलटा बाण ठोकला तेव्हा सरकारातून बाहेर. साहेबानं खिशातून काढून दिलेल्या भेटवस्तूवर ही खूण कशाला असेल? हे रीतसर विकलेलं हत्यार होतं.

पोराचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. पण त्याला सांगावंसं वाटलं ते सांगितलंच. म्हटलं, दादा, चार हुतात्मा चौकातून येता ना तुम्ही? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्याच वेळच्या प्रकरणात त्यांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्याच साहेबानं खूश होऊन तुमच्या पणजोबांना बक्षीस दिलं, ही गोष्ट खरी निघाली असती तर चारचौघांत सांगितली असती का?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे कधी डोक्यातच आलं नाही, काका." खरंच आलं नसणार. घरात गोष्ट ऐकताना साहेब मोठा असतो आणि आजोबा शूर असतात, तारीख कुणी बघत नाही.

अण्णा म्हणाले, "जुना परवाना आहे का घरी? पुस्तिका?"

होती. पिशवीतच होती, पण ती दाखवण्यासारखी आहे असं त्याला वाटलं नव्हतं. खाकी पुठ्ठा, आत पान पान नूतनीकरणाचे शिक्के, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पहिल्या पानावर हत्याराचं वर्णन आणि नंबर. मी वाचला, अण्णांनी फ्रेमवरचा वाचला. जुळला. खरेदीची नोंद स्वातंत्र्यानंतरची, मुंबईच्या विक्रेत्याकडून. आजोबांनी स्वतःच्या पैशानं विकत घेतलेलं होतं, पणजोबांचा संबंधच नाही. मला विचाराल तर ती पुस्तिका ह्या सगळ्या ऐवजातली सगळ्यात मोलाची वस्तू. आपल्याकडं भगतसिंगांचं पिस्तूल बघा. ते रिव्हॉल्व्हर नव्हे, बत्तीस बोअरचं कोल्ट ऑटोमॅटिक. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात कितीतरी वर्षं काळा रंग फासलेलं पडून होतं. रंग खरवडला, नंबर दिसला, तो खटल्याच्या कागदांतल्या नंबराशी जुळला, आणि त्या दिवसापासून ती वस्तू वेगळी झाली. लोखंड तेच होतं.

---

"मग आता किंमत किती?" शेवटी तो प्रश्न आलाच.

इथं मला दोन किमती सांगाव्या लागतात आणि दोन्ही ऐकून माणूस नाराज होतो. इंग्लंड-अमेरिकेत वॉर फिनिश वेब्ली ही सर्वसाधारण वस्तू. चांगला नग असला तर काहीशे डॉलर, उजव्या बाजूचे खड्डे बघितल्यावर त्याहून कमी. कोटी वगैरे विसरायचं. वेब्लीतच भाव खाणारं मॉडेल म्हणजे .४५५ बोअरचं मार्क सिक्स, १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यानं घेतलेलं, सहा इंची नळीचं. त्यातही अमेरिकेत गेलेल्या कित्येक नगांचा सिलिंडर मागून तासून टाकलाय, तिथं सहज मिळणारी .४५ ची काडतुसं बसावीत म्हणून. तासलेला आणि न तासलेला ह्यांच्या भावात मोठी तफावत. एक-दीड मिलिमीटरची गोष्ट. घड्याळात डायल पुन्हा छापून घेतल्यासारखं.

भारतातली किंमत हा वेगळाच प्रकार. इथं हत्याराचा भाव हत्यारावर नसतो, परवान्यावर असतो. अडतीस आणि .४५५ ही निषिद्ध बोअरं, त्यांचा परवाना कलेक्टर किंवा पोलीस आयुक्त देत नाहीत, ते काम दिल्लीच्या गृह मंत्रालयाचं. म्हणजे गिऱ्हाईक जवळजवळ नाही. उलट बत्तीसचं साधं विलायती रिव्हॉल्व्हर, जे तिकडं कुणी ढुंकून बघणार नाही, ते इथं लाखांत जातं, कारण खाजगी माणसासाठी आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली आणि बत्तीसला साधा परवाना चालतो. बाहेर जे दुर्मीळ ते इथं विकत नाही, बाहेर जे किरकोळ त्याला इथं रांग. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस वेब्लीच्याच धर्तीवरचं आहे, तरी लोकांना "इंग्लंड" ठोकलेलंच पाहिजे.

बाहेर पाठवून विकू म्हणाल तर तेही नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू, ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि शंभर वर्षांच्या आतल्या हत्यारालाही परवान्यांशिवाय हलवता येत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं. तेव्हा ज्यांच्याकडं वडिलोपार्जित तीन होती त्यांनी तिसरं जमा केलं. अण्णांच्या कपाटात अशी बरीच "तिसरी" पडली. त्यातली दोन-तीन मी बघितलीत, नाव सांगत नाही, पण त्यातल्या एकाचे स्क्रू बघून रात्री झोप लागली नव्हती.

कुणी म्हणेल, मग निकामी झालेलं जुनं हत्यार तरी ठेवता येत असेल? कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच पुराणवस्तूला. चालेल की नाही हे ठरवणारे आपण नाही. स्वतःच्या मनानं "हे काय चालतंय" म्हणून भिंतीवर टांगू नका. आणि चालू हत्यार मुद्दाम निकामी करून घ्यायचं तर ते माझ्यानं बघवत नाही. नळीत सळई ठोकून वेल्डिंग मारतात. घड्याळात शिसं ओतल्यासारखं वाटतं.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे काही किंमत नाही," असं म्हणाला नाही, ते मला बरं वाटलं. विचारलं ते वेगळंच. "काका, निदान पॉलिश करून घेऊ का? परवान्याचं काम होईपर्यंत जरा चांगलं दिसेल."

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "हे मास्तर एकदा बारूददान पॉलिश करून बसलेत, त्यांना विचारा." वीस वर्षं झाली, अजून सोडत नाहीत. अण्णांनी हलक्या हातानं तेलाचा बोळा फिरवला, कापड बदललं, म्यान वेगळ्या पिशवीत घातलं आणि वर लेबल लावलं.

मी तोवर नेहमीप्रमाणे वहीचं पान फाडून खुणा काढल्या. मुकुट, वॉर फिनिश, टोकाला टोक लावलेले दोन बाण, प्रत्येकापुढं अर्थ, खाली नंबर आणि तारीख. पोराला दिलं. त्यानं मोबाईलवर त्याचा फोटो काढला, पुस्तिका जपून पिशवीत घातली, दोघांच्या पाया पडला आणि गेला. कागद टेबलावरच राहिला.

"लाज वाचली बे त्याची," अण्णा म्हणाले, "साहेब खोटा निघाला ते." मग तो कागद उचलला, घडी घातली आणि जमा पावत्यांच्या पुस्तकात त्या पोराच्या पावतीच्या पानात ठेवून दिला. चहा तोवर गार झाला होता. दुसरा सांगितला.